परसातल्या कोंबड्या: शांत स्वभाव आणि चांगली जात यांसाठी पैदास कशी करावी

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, कुठल्याही वाड्यावर गेलात तरी दहा-पंधरा गावठी कोंबड्या बाळगणारं घर सापडतंच. तक्रारही सगळीकडे तीच ऐकू येते: पूर्वीच्या कोंबड्या अंगाने भरलेल्या असायच्या, हाताला यायच्या, आताच्या बारीक आणि भित्र्या, आणि कोंबडा तर अंगावर धावून येतो. लोक दोष खाद्याला देतात. खरं कारण बहुतेकदा स्वयंपाकघरात असतं. नाताळ, शिगमो, गावची जत्रा, अचानक आलेले पाहुणे, राखणदाराला म्हणजे गावच्या रक्षक देवाला बोललेला कोंबडा, अशा वेळी आधी कापला कोण जातो? सगळ्यात जड असलेला आणि सहज पकडता येणारा. मागे उरतो तो हलका, बिथरणारा, झाडावर जाऊन बसणारा, आणि पुढच्या पिल्लांचा बाप तोच होतो. वर्षानुवर्षं आपण निवड करतच असतो, फक्त उलट्या बाजूने. ती सरळ करायला महागडी सामग्री लागत नाही. एक वही, एक वजनकाटा, रंगीत कड्या आणि दोन वर्षांचा धीर पुरतो.

कशापासून सुरुवात करायची

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. वनराजा, ग्रामप्रिया, श्रीनिधी हे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेले पक्षी चांगले आहेत, पण ते संकर आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्लं आईबापांसारखी निघत नाहीत. एक मोठं, एक लहान, एक भरपूर अंडी देणारं, दुसरं जेमतेम, अशी पांगापांग होते. अंड्यांसाठी किंवा मटणासाठी ते जरूर पाळा. पैदाशीचा पाया म्हणून घेऊ नका.

कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली खरी जात आहे आणि तिची पिल्लं जातीवर जातात, म्हणून तिची पैदास करता येते. पण काळी चामडी वरचढ असल्यामुळे गावठीशी झालेल्या संकरातही काळी पिल्लं निघतात आणि तीच ‘शुद्ध’ म्हणून विकली जातात. घेताना एका पिल्लावर भरवसा ठेवू नका. शक्य असेल तर आईबाप आणि सगळी भावंडं पाहा. तुरा, जीभ, पायांची नळी, तळवे सगळ्यांचेच काळे हवेत. अंडं मात्र काळं नसतं, ते फिकट तपकिरी असतं.

असील ही झुंजीची जात घेणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी, कारण स्वभावाच्या पैदाशीचं मर्म तिच्यात आहे. असील कोंबडा दुसऱ्या कोंबड्याचा जीव घेईल, पण माणसाच्या हातात तो बहुधा गरीब असतो. माणसावर चालून जाणं, दुसऱ्या कोंबड्याशी झुंजणं आणि नुसतं घाबरणं, हे तीन वेगळे स्वभाव आहेत. एकाची निवड केली म्हणून दुसरा आपोआप सुधारत नाही. (कोंबड्यांच्या झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. झुंजीसाठी वाढवलेल्या वंशाचा कोंबडा परसात सोडूही नये.)

बहुतेकांनी गावठीच धरावी. आपला पाऊस, आपली उष्णता आणि कुळागरातला म्हणजे माड-पोफळींच्या बागेतला वावर तिच्या अंगवळणी आहे, आणि ती खुडूक बसते, त्यामुळे अंडी उबवायच्या यंत्राची गरज पडत नाही. गावठीत रंगरूप सतरा प्रकारचं असतं. म्हणून आधी वहीत चार ओळींत लिहून ठेवा की तुम्हाला काय हवं: उदाहरणार्थ, कोंबडा पावणेदोन किलोच्या आसपास, पाय सरळ, माणसाला न भिणारा पण अंगावर न येणारा, कोंबडी वर्षातून दोनदा खुडूक बसणारी. रंग शेवटी.

काही रूपांबद्दल सावध राहा. उघड्या मानेचा पक्षी आपल्या उकाड्यात सुखी असतो. ज्याच्या मानेवर पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुपका असतो त्याची साधारण अर्धी पिल्लं तशी निघतात, आणि ज्याची मान जवळजवळ पूर्ण उघडी त्याची सगळीच. उलट्या पखांची (बाहेर वळलेल्या पिसांची) कोंबडी आणि तसाच कोंबडा यांचा जोड लावला तर सुमारे पाव पिल्लांची पिसं ठिसूळ होऊन गळतात आणि पावसात ती गारठतात, म्हणून एक बाजू नेहमी सरळ पिसांची ठेवा. अगदी आखूड पायांच्या बुटक्या पक्ष्यांचा आपसात जोड लावू नये. पाव अंडी आतच मरतात आणि माणूस खुडूक कोंबडीला दोष देत बसतो.

वर्षाची आखणी

गोव्यात सगळं पावसाभोवती फिरतं. जून ते सप्टेंबर जमीन ओली राहते, त्यात रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस लहान पिल्लांना झोडपतो. एप्रिल-मेत काढलेली पिल्लं नेमकी सहा-आठ आठवड्यांची असताना पाऊस गाठतो. मेच्या उकाड्यात कोंबड्याचं बीजही कमजोर पडतं.

म्हणून ऑक्टोबरमध्ये, पिसं झडून नवी आली की, निवड करा. नोव्हेंबरात जोड लावा. डिसेंबर ते फेब्रुवारी अंडी उबवा. मार्च ते मे पिल्लं कोरड्या जमिनीवर वाढतात आणि पावसाला तोंड देताना तीन ते पाच महिन्यांची तयार असतात. पावसाळाभर नरांचा स्वभाव पाहायला मिळतो. पुढच्या ऑक्टोबरात ते सात ते दहा महिन्यांचे होतात, तेव्हा निकाल लावायचा.

ही घाई न करण्याची बाब महत्त्वाची आहे. चार महिन्यांचा जवळजवळ प्रत्येक नर गरीब असतो. अंगात मस्ती भरते ती सहाव्या महिन्यापासून पुढे. लवकर निवडलेला ‘शांत’ कोंबडा वर्षाच्या आत लहान मुलाच्या अंगावर उडी घेताना दिसतो, आणि तोवर त्याची तीस पिल्लं अंगणात असतात.

स्वभाव कसा मोजायचा

अंदाजाने नाही, आकड्याने. प्रत्येक पक्ष्याला १ ते ५ गुण द्या (१ वाईट, ५ उत्तम), तीन वेळा: दहाव्या आठवड्यात, पाचव्या महिन्यात आणि आठव्या महिन्यात. तिन्ही वेळा शक्यतो एकाच माणसाने.

पहिली पारख भीतीची, ती दहाव्या आठवड्यात. पिल्लाला जमिनीवर पसरलेल्या गोणपाटावर उताणं ठेवा, छातीवर हलका तळवा दहा-पंधरा सेकंद धरा आणि हात काढून घ्या. पिल्लू मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतं. ते किती सेकंदांनी उठतं ते मोजा. इथे नवखा माणूस फसतो: जो जास्त वेळ निपचित पडतो तो शांत वाटतो, प्रत्यक्षात तो जास्त भ्यालेला असतो. भावंडांत जे लवकर सावरून चालू लागतात त्यांना वरचे गुण. पाच मिनिटांवर कुणालाही पडू देऊ नका, आणि एका पिल्लावर ही परीक्षा एकदाच करा. दुसऱ्यांदा ते सरावलेलं असतं.

दुसरी पारख धरण्याची. सांजेला नव्हे, दिवसाउजेडी दाणे टाकून पक्षी धरा. पंख अंगाशी दाबून काखेत घ्या. पंधरा-वीस सेकंदांत अंग सैल सोडतो त्याला ४ किंवा ५. किंचाळत, पाय झाडत राहतो त्याला २. चावतो त्याला १.

तिसरी पारख फक्त नरांची, आणि निर्णायक. दाणे टाकून कोंबड्याकडे पाठ करून उकिडवे बसा. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन त्याच्या कोंबड्यांमधून चाला. तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर एक कोंबडी हातात धरा, ती ओरडली तर उत्तमच. पावसात छत्री उघडून जा. या वेळी त्याच्याकडे नीट बघा. हल्ल्याच्या कितीतरी दिवस आधी खुणा दिसतात: तो एक पंख खाली सोडून तिरपा, छोट्या पावलांनी तुमच्याभोवती सरकतो; मानेची पिसं फुलतात; जमिनीवर उगाच चोच मारत राहतो आणि एक डोळा मात्र तुमच्यावर रोखलेला असतो. कोंबडीसमोर हाच नाच प्रणयाचा असतो. माणसासमोर तो आव्हान असतो. असं एकदा घडलं तर नोंद करा, दुसऱ्यांदा घडलं तर तो पैदाशीतून बाद.

प्रत्यक्ष अंगावर आला, पायाच्या काट्याने मारलं, तर दुसरी संधी देऊ नका. काठीने धाक घालून असा कोंबडा तुमच्यापुरता वचकेल, पण त्याच्या पिल्लांत ते उतरायचं ते उतरणारच. लहान मुलाच्या डोळ्यांची उंची आणि कोंबड्याच्या उडीची उंची सारखीच असते, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या. असा कोंबडा शाकुतीच्या कालवणात जावा. शेजाऱ्याला ‘पैदाशीला घे’ म्हणून देऊ नये.

चांगला कोंबडा ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याच्यापुढे मूठभर तांदूळ टाका. तो ‘कुक्-कुक्’ करून कोंबड्यांना बोलावतो, दाणा उचलून पुन्हा खाली टाकतो आणि त्यांना आधी खाऊ देतो. मग कोंबड्यांच्या पाठी तपासा. पाठीवरची पिसं साफ उडालेली आणि कातडी ओरबाडलेली असेल तर तो आडदांड आहे, किंवा कोंबड्या कमी पडताहेत. एका कोंबड्यामागे आठ-दहा असाव्यात.

कोंबड्यांचे गुण देताना खुडूक बसलेली आणि पिल्लांची आई वगळा. ती चोच मारणारच, मारायलाच हवी. पिसं उपटण्याची सवय दिसली तर आधी घर तपासा: रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकी दोन चौरस फूट जागा आहे का, बसायच्या दांडीवर आठ इंच मिळतात का, खाद्य नुसत्या कण्यांवर आणि कोंड्यावर चाललंय का. पैदाशीच्या पक्ष्यांना १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. हे सगळं ठीक करूनही महिन्याभराने एखादी पिसं उपटतच असेल तर ती तिचा स्वभाव घेऊन आली आहे.

घरात हातावर वाढवलेलं एकुलतं नर पिल्लू पैदाशीसाठी नको. त्याला माणसाची भीड राहत नाही, मोठेपणी तो माणसालाच प्रतिस्पर्धी समजतो, आणि त्याचा स्वभाव रक्तातला की लाडातला हे तुम्हाला कधी कळणारच नाही.

चाळणीचा क्रम

एकदम सगळं मागितलं की काहीच मिळत नाही. हिशोब करून पाहा: वीस नर आहेत आणि वजन, ठेवण, रंग या तिन्हींत वरच्या तिसऱ्या हिश्श्यातला हवा म्हटलं, तर सत्तावीसात एक, म्हणजे वीसांत एकही नाही. म्हणून एकामागून एक चाळा.

आधी अंगावर येणारे काढा. मग व्यंग असलेले: चोच कात्रीसारखी तिरकी, बोटं वळलेली, शेपटी एका बाजूला कलंडलेली, चालताना गुडघे एकमेकांना लागणारे. छातीचं हाड वाकडं असेल तर दांडी तपासा. फार बारीक दांडीवर बसूनही ते वाकतं, दीड-दोन इंच रुंद आणि कडा गोल केलेली दांडी बरी. मग आजारलेले: पावसात सर्दी धरलेला, औषधावर तगलेला पक्षी दिसायला कितीही देखणा असो, वगळा. उरलेल्यांत वजन पाहा. बाराव्या आणि विसाव्या आठवड्यात, सकाळी खाद्य घालण्यापूर्वी, पिशवीत घालून काट्यावर. वजन पिढीगणिक बऱ्यापैकी उतरतं, दोन-तीन पिढ्यांत फरक दिसतो. अंड्यांची संख्या सावकाश सुधारते आणि ती आईच्या व बहिणींच्या नोंदीवरून ठरवावी लागते; कोंबड्याकडे पाहून ती कळत नाही. रंग आणि तुरा शेवटी, जेव्हा दोघं बरोबरीचे असतील तेव्हा.

निवडलेल्यांच्या पायात त्याच दिवशी रंगीत कडी घाला आणि घरात सगळ्यांना सांगा की कडीवाला कापायचा नाही आणि बोलायचाही नाही. ही पायरी चुकली की वर्षाची मेहनत एका रविवारी ताटात येते.

तीन घरांची पद्धत

एकच कोंबडा आणि सहा कोंबड्या घेऊन बाहेरचं रक्त न आणता पैदास केली तर दर पिढीला नात्यातलं रक्त सुमारे १४ ते १५ टक्क्यांनी वाढतं. कोंबड्या वीस केल्या तरी ते १३ च्या खाली येत नाही, कारण अडचण कोंबड्याच्या एकटेपणात आहे. याचा पहिला परिणाम अंडी कमी फुटण्यात दिसतो, मग पिल्लं मरतुकडी निघतात. तीन कोंबडे आणि बारा कोंबड्या असतील तर हाच आकडा ५ टक्क्यांवर येतो.

एका अंगणात तीन कोंबडे नांदत नाहीत, पण वाड्यावरच्या तीन घरांत नांदतात. म्हणून तीन घरांनी मिळून हे करावं. प्रत्येक घरी एक कोंबडा आणि किमान चार-पाच निवडलेल्या कोंबड्या. घरांना अ, ब, क म्हणा. नियम एकच: तलंगा म्हणजे तरुण माद्या आईच्या घरी राहतात, निवडलेला नर पुढच्या घरी जातो. अ चा मुलगा ब कडे, ब चा क कडे, क चा अ कडे. दरवर्षी हीच दिशा, कधी उलटी नाही. भाऊ-बहिणीचा किंवा बाप-लेकीचा जोड यात लागतच नाही. प्रत्येक घराने एक जादा नर राखून ठेवावा. मुंगूस, उदमांजर, रानमांजर किंवा अजगर कधी कोणाला उचलेल सांगता येत नाही.

कोंबडा बदलला की जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. त्यामुळे नव्या कोंबड्याची म्हणून अंडी चौथ्या आठवड्यापासूनच धरा. दोन नर शेजारी ठेवायचे असतील तर मधल्या जाळीला खालचे दोन फूट विणलेल्या झावळ्या लावा. एकमेकांना दिसले नाहीत की दिवसभर जाळीवर तुरा रक्तबंबाळ करून घेत नाहीत.

चार-पाच वर्षांनी बाहेरचा कोंबडा आणायचा झाला तर तो बाजारातून थेट कळपात सोडू नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दहा गावचे पक्षी एका जागी येतात, रोगही येतात. महिनाभर लांब ठेवा, आणि पहिल्या वर्षी एकाच घरच्या दोन-तीन कोंबड्यांना लावा. पिल्लांचा स्वभाव आणि पाय पाहिल्यावरच पुढे न्या.

अंडी आणि रवण

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, धुऊ नका. चाळीस ग्रॅमच्या खालची, पातळ कवचाची, लांबट किंवा सुरकुतलेली अंडी खायला ठेवा. तलंगेची पहिल्या महिन्यातली अंडीही नकोत. कवचासाठी तिसऱ्यांच्या आणि खुब्यांच्या शिंपल्या भाजून, भरड कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबडी लागेल तेवढ्या खाते. खोबऱ्याची पेंड पावसाळ्यात बुरशी धरते, आणि बुरशीच्या विषाने कोंबडी आजारते, अंडीही फुटेनाशी होतात. वास आलेली पेंड टाकून द्या.

अंडं एकवीस अंशांच्या वर राहिलं की आतला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मग मरतो. आपल्याकडे थंडीतही घरात एवढी उष्णता असतेच. म्हणून मडकं ओल्या वाळूत रोवून त्यात तूस घालून, टोकदार बाजू खाली करून अंडी ठेवा, आणि पाच-सहा दिवसांच्या आत रवणीला, म्हणजे खुडूक कोंबडीखाली उबवायला, घाला. फ्रिज फार थंड पडतो. गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत खिळा-कोळसा ठेवायची रीत आहे. ठेवायला हरकत नाही, पण वळवाच्या दिवसांत अंडी बिघडतात ती साठवणीच्या उकाड्याने.

खुडूक कोंबडीला रात्री हलवा. खोलगट टोपलीत तळाला माती आणि राख, वर गवत, आणि आधी दोन दिवस दोन साधी अंडी. ती घट्ट बसली की आठ ते दहा अंडी एकदम घाला, प्रत्येकावर पेन्सिलीने घराचं अक्षर आणि तारीख. दुसऱ्या कोंबड्या तिथे येऊन अंडी घालतात, खूण नसेल तर गोंधळ होतो. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात अंडं धरा: कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे, स्वच्छ असेल तर निर्बीज, नुसतं लाल कडं असेल तर मेलेलं. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात.

पिल्लांची खूण आणि लस

पहिल्या दिवशीच खूण करा, दुसऱ्या दिवशी कोणाचं कोणतं ते आईलाही कळत नाही. प्रत्येक पायाला बोटांमध्ये दोन पातळ पडदे असतात, म्हणजे एकूण चार. लहान पंचने त्यांना भोकं पाडून सोळा वेगळ्या खुणा मिळतात. भोक स्वच्छ पडायला हवं. कातडीचा तुकडा लोंबत राहिला तर ते बुजतं. आठवड्याने पुन्हा पाहा. मोठेपणी प्लास्टिकची कडी घाला, पण दर महिन्याला बोट घालून तपासा. घट्ट झालेली कडी पाय कापते.

मानमोडी म्हणजे रानीखेत एका आठवड्यात कळप साफ करतो. लासोटा लसीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात, पुन्हा चौथ्या आठवड्यात, आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी या रानीखेतच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. पावसाआधी देवीची लस. मच्छर वाढले की देवी पसरते. लशीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. तीन घरांनी एकाच संध्याकाळी, बर्फात ठेवून, सगळ्यांना द्यावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लशीची आणि गंबोरो या पिल्लांच्या विषाणूरोगाच्या लसीच्या वेळापत्रकाची आधी चौकशी करा. जुन्या गोव्यात एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेती संशोधन संस्था आहे, पक्ष्यांच्या प्रश्नांसाठी तिथेही विचारता येतं.

वहीत एका पक्ष्याला एक ओळ पुरते: खूण, आई, बापाचं घर, जन्मतारीख, दोन वजनं, तीन वेळचे स्वभावाचे गुण, आणि शेवटच्या रकान्यात तो का ठेवला किंवा का काढला. तो शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. तिसऱ्या वर्षी एखाद्या घरच्या पिल्लांत अचानक दोन-तीन चावरे नर निघाले, तर त्यांच्या आया शोधायला आईचा रकाना आणि तो शेवटचा, दोन्ही कामी येतात. कोंबड्यावरच लक्ष ठेवून आपण आईला विसरतो, आणि अर्धा स्वभाव तिचा असतो. अशी आई सापडली तर तिची अंडी पुढच्या हंगामात खायला घ्या, रवणीला दुसरीची घाला, आणि तिला इतरांच्या अंड्यांवर बसवा. खुडूक चांगली बसत असेल तर ती त्या कामाला उत्तम.